‘ड्रेसिंग पुअर, ॲटिट्यूड पुअर’: एका कॅम्पस ड्राइव्हचं पूर्ण प्रकरण

जानेवारी 2024 मध्ये आमच्या पॉलिटेक्निकला चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीचा कॅम्पस ड्राइव्ह झाला आणि आठवडाभरात त्यांच्या एचआरचा मेल आला. कॉलेजचं ट्रेनिंग-प्लेसमेंट मी बघतो, म्हणजे टीपीओ, त्यामुळे मेल माझ्याकडे आणि सीसीत प्रिन्सिपॉल सर. तीन तक्रारी होत्या. मुलांचे कपडे इंटरव्ह्यूला शोभणारे नव्हते. बसण्या-बोलण्याचे साधे मॅनर्स नाहीत. आणि तिसरी, मागच्या बॅचमधून सिलेक्ट केलेल्यांपैकी काही जण जॉइन झालेच नाहीत, कळवलं नाही, फोन बंद करून बसले. शेवटी एक ओळ, की पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजला यायचं का यावर विचार करावा लागेल.

कॉलेज बीड जिल्ह्यातलं, खासगी, एमएसबीटीईचं, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचं. नाव देत नाही, कंपनीचंही देत नाही, कारण कुणाला उघडं पाडायला हे लिहीत नाहीये. दुसऱ्या कॉलेजांचे टीपीओ, एचआरवाले आणि फायनल इयरची पोरं यांना उपयोगी पडावं म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

आमच्याकडे पुण्याहून मोजक्याच कंपन्या येतात. चाकण किंवा रांजणगावहून तीन माणसं गाडी काढून इथपर्यंत आली तरच पोरांना घराजवळ इंटरव्ह्यू मिळतो, नाहीतर रात्रीच्या गाडीने वाकडेवाडी स्टँडवर उतरायचं, तिथल्या संडासात कपडे बदलायचे आणि सकाळी 9 ला चाकणला गेटवर उभं राहायचं, आणि सिलेक्शन नाही झालं तर परत तेच. म्हणून एक कंपनी जाणं आमच्यासाठी छोटी गोष्ट नव्हती.

स्टाफरूममध्ये मेल वाचला गेला तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच, आजकालची पोरंच अशी आहेत. कुणी म्हणालं टाय कंपल्सरी करा, कुणी म्हणालं दंड लावा. प्रिन्सिपॉल सर तर नोटीस काढायलाच निघाले होते. मी म्हटलं सर थोडे दिवस द्या, आधी नक्की काय झालं ते तरी बघू. मग एचआरला विनंती करून पॅनेलच्या रिमार्क शीट मागवल्या, त्यांनी दिल्या (हे त्यांचं मोठेपण, सगळे देत नाहीत), आणि एकेका पोराला बोलावून बसलो.

कपड्यांचं

शीटवर चार कॉलम होते, टेक्निकल, कम्युनिकेशन, ड्रेसिंग, ॲटिट्यूड. ड्रेसिंगच्या कॉलमला बऱ्याच ठिकाणी फक्त ‘पुअर’ लिहिलेलं. पण पोरांशी बोलल्यावर कळलं की त्या एका ‘पुअर’मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्यात.

एकाच्या नावापुढे चप्पल लिहिलेलं. त्याचे आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे, दिवाळीपासून घरी कुणी नाही, हा होस्टेलवर. इंटरव्ह्यूसाठी भावाचे बूट आणले होते, 7 नंबरचे, याला लागतो 9. सकाळी 9 पासून ते घालून बसला, दुपारपर्यंत पाय सुजले, मग होस्टेलवर जाऊन चप्पल घालून आला आणि नेमका तेव्हाच नंबर लागला. आमच्या भागात कॅम्पसचा सीझन आणि ऊसतोडीचा सीझन एकाच वेळी येतो, जानेवारी-फेब्रुवारीत घरी ‘अरे हे काय घालून चाललास’ म्हणायला कुणी नसतं, हे चाकणहून आलेल्या पॅनेलला माहीत असायचं कारण नाही, पण आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्याच्या नावापुढे फाटकी जीन्स. हा गरिबीचा विषय नव्हता. ती जीन्स त्याने 1400 रुपयांना घेतली होती आणि तेवढ्यात साधी फॉर्मल पँट आणि शर्ट दोन्ही आलं असतं. त्याला विचारलं तर म्हणाला, सर आता कोण बघतं, आयटीवाले टी-शर्टवर जातात, झुकरबर्गने हुडी घालून कंपनी चालवली. त्याचं अगदीच चूक नाही. झुकरबर्ग 2012 मध्ये आयपीओच्या आधी वॉल स्ट्रीटच्या गुंतवणूकदारांना भेटायला खरंच हुडीत गेला होता, इन्फोसिसने 2015 मध्ये आठवडाभर कॅज्युअल चालतील असं केलं, गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेने 2019 मध्ये ड्रेस कोड सैल केला. पोरं हे रील्समध्ये बघतात. पण हे सगळं आत असलेल्या लोकांबद्दल झालं, नोकरी मागायला दारात उभ्या असलेल्याबद्दल नाही, आणि फॅक्टरीबद्दल तर मुळीच नाही. आपल्याच राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये परिपत्रक काढून सरकारी ऑफिसात जीन्स, टी-शर्ट आणि स्लीपर घालायचे नाहीत असं सांगितलं होतं, म्हणजे जग एका दिशेने सैल होत चाललंय असंही नाही. ज्याच्या दारात जातोय त्याचा रिवाज काय आहे ते आधी विचारून घ्यायला काय जातं? मला यात पोराचीच चूक वाटते आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

पॅनेलवर जे प्रॉडक्शनचे साहेब होते त्यांच्याशी फोनवर बोललो तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आम्ही कुणी पोरांना कधी सांगितलीच नव्हती. ते म्हणाले, पोरगा आत आला की मी आधी पाय बघतो आणि मनगट बघतो, शर्टाचा रंग नाही बघत. पायात बंद बूट आहेत का, आणि मनगटात कडं, धागे, बँड काय काय आहे. कारण लेथवर, ड्रिलिंगवर तेच अडकतं. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये 22 व्या कलमात चालू मशीनजवळ ऑइलिंग-तपासणी करणाऱ्या कामगाराला घट्ट बसणारे कपडे हवेत असं तेव्हा लिहिलेलंच होतं, आणि ते मालकाने द्यायचे असंही. आमच्या वर्कशॉपमध्ये हेच आम्ही फर्स्ट इयरपासून ओरडून सांगतो, कडं काढ, बाह्या वर कर, पण तेच मनगट इंटरव्ह्यूत कुणी बघत असेल हे पोरांच्या डोक्यात आलं नाही. हे सांगितल्यावर वर्गात पहिल्यांदा शांतपणे ऐकलं गेलं. ‘नीट राहा’ असं दहा वेळा म्हणून जे झालं नव्हतं ते एका कारणाने झालं.

मॅनर्सचं

इथे जास्त वेळ गेला आणि इथेच मतं फाटली.

ॲटिट्यूडच्या कॉलममधल्या सगळ्या तक्रारी एकसारख्या धरायला मी तयार नाही. काही तर सरळसरळ खऱ्या होत्या. एकजण गळ्यात इअरफोन लटकवून आत गेला, न विचारता खुर्ची ओढून बसला आणि पॅनेलने नाव विचारल्यावर ‘हां बोला’ म्हणाला. एकाचा फोन टेबलवर वाजला, त्याने उचलला आणि ‘इंटरव्ह्यूत आहे रे, नंतर कर’ असं पूर्ण वाक्य बोलून ठेवला. एकाच्या तोंडात मावा होता. याला समर्थन नाही.

पण एकाला ‘सॅलरी फर्स्ट’ असा शेरा मारून ॲटिट्यूडला शून्य दिलेलं. काय झालं होतं, तर शेवटी पॅनेलने विचारलं तुला काही विचारायचंय का, आणि त्याने विचारलं, हातात किती येतील आणि राहायची सोय आहे का. हा उद्धटपणा कसा? ट्रेनीला हातात 13 हजारांच्या आसपास पडणार होते, चाकणला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहायचं म्हटलं तर खोलीचे आणि मेसचे मिळून त्यातले 5-6 हजार जाणार. ज्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचेत तो हे विचारणारच, उलट जो विचारत नाही तोच पुढे पंधरा दिवसांत सोडून येतो. हे मी एचआरला लिहून कळवलं.

आणखी एक शेरा, ‘कीप्स लुकिंग ॲट फोन’. त्या दिवसाचं टाइमटेबल मांडलं तेव्हा हा शेरा मला वेगळा दिसायला लागला. पोरांना 9 ला बसवलं होतं. पॅनेल पुण्याहून निघालं, वाघोली-शिक्रापूरला अडकलं, पोचायला साडेअकरा. मग प्रेझेंटेशन, मग लेखी टेस्ट. दीडला पॅनेल प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये जेवायला बसलं, पोरांना जेवायला जा म्हणून कुणी सांगितलंच नाही, कधी नाव पुकारतील या भीतीने ती व्हरांड्यातून हलली नाहीत. शिपाई मामांनी कॅन्टीनमधून पाण्याचा जार आणून ठेवला तेवढंच. इंटरव्ह्यू संपले सात वाजता. बऱ्याच गावांना जाणारी शेवटची एसटी सहाच्या आसपास निघते, त्यामुळे पाच वाजल्यापासून ही पोरं फोनमध्ये वेळ बघत होती, कुणी घरी सांगत होतं की न्यायला गाडी घेऊन या. पॅनेलला मात्र दिसला समोर बसून फोन बघणारा पोरगा.

पॅनेलचेही फोन टेबलवर होते. तिघांपैकी एकजण इंटरव्ह्यू चालू असताना उठून बाहेर जाऊन बोलून आला, हे चार-पाच पोरांनी वेगवेगळं सांगितलं. ज्या पोराला पॅनेलने ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ लिहिलंय त्याने एवढंच म्हटलं होतं, सर 9 ला बोलावलं होतं, आता चार वाजलेत. आवाज चढला होता का मला माहीत नाही, मी आत नव्हतो. पण वेळ पाळणं हा मॅनर्सचा पहिला भाग असेल तर तो दोन्ही बाजूंना लागू व्हायला पाहिजे, आणि दिवसभर उपाशी बसवून संध्याकाळी हसतमुख उत्तरं मागणं मला पटत नाही.

आणि मुलींचं. इलेक्ट्रिकलच्या एका मुलीला विचारलं गेलं, लग्न कधी करणार, घरचे चाकणला पाठवतील का, शिफ्टला चालेल का. शिफ्टचं विचारणं ठीक, ते कामाशी जोडलेलं आहे, मुलांनाही विचारा. पण लग्नाचं फक्त मुलींनाच विचारलं होतं, मी सगळ्यांना विचारून खात्री केली. तेव्हा लागू असलेल्या 1976 च्या समान वेतन कायद्यातच भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही असं कलम होतं. तिने मला सांगितलं, सर मी काय उत्तर देऊ कळेना म्हणून गप्प बसले, आणि शीटवर तिच्या नावापुढे ‘लॅक्स कॉन्फिडन्स’.

या बॅचबद्दल एक गोष्ट मला अजून लिहायची आहे, कारण स्टाफरूममधले ‘आजकालची पोरं’ म्हणताना हे विसरतात. ही 2021 ला दहावी झालेली मुलं. नववीत असताना लॉकडाऊन लागला, दहावी जवळपास पूर्ण मोबाईलवर, बोर्डाची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल, राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला होता तीच ही बॅच. डिप्लोमाच्या सुरुवातीचाही बराच भाग ऑनलाइन. म्हणजे अनोळखी मोठ्या माणसासमोर बसून, डोळ्यात बघून उत्तर द्यायची पहिली सवय ज्या वयात लागते, म्हणजे बोर्डाची तोंडी परीक्षा, प्रॅक्टिकलचा एक्स्टर्नल, ते वय यांचं कॅमेरा बंद ठेवून ‘सर आवाज येतोय का’ म्हणण्यात गेलं. ज्यांनी फोर्थ सेमनंतरचं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग खऱ्या कंपनीत जाऊन केलं होतं त्यांच्या शीट बघा, मॅनर्सची तक्रार जवळजवळ नाही. ज्यांनी मामाच्या गॅरेजमधून सर्टिफिकेट आणलं त्यांच्या शीटवर आहे. हा फरक इतका साफ दिसला की बाकी काही नाही केलं तरी चालेल पण ट्रेनिंग खरं झालं पाहिजे असं माझं मत झालं.

तिसरी तक्रार, जी सगळ्यात जड होती

कपडे आणि इअरफोन यावर स्टाफरूममध्ये चर्चा रंगली पण कंपनीला खरं लागलं होतं ते तिसरं. सिलेक्ट झालो, मेलला ‘येस सर आय विल जॉइन’ लिहिलं, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन स्विच ऑफ. एचआरच्या बाई फोनवर म्हणाल्या, सर आम्ही त्यांच्यासाठी बेड बुक केले होते, सेफ्टी शूज साइझप्रमाणे मागवले होते, लाइनवर माणसं कमी पडली, आम्हाला वर उत्तर द्यावं लागलं, एक फोन केला असता तर वेटिंगमधल्या दुसऱ्या पोरांना घेतलं असतं. यावर मी काही बोलू शकलो नाही. वेटिंगमध्येही आमचीच पोरं होती.

2023 ला पास झालेल्या त्या मुलांना शोधलं. नंबर बदललेले होते, भाऊ-चुलते करत करत बहुतेकांशी बोलणं झालं. दोघांनी डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली होती, कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाची सरकारी फेरी, लागेपर्यंत त्यांचं त्यांनाच ठरलेलं नव्हतं. एक तलाठी भरतीच्या मागे होता, 4644 जागांची ती 2023 ची मोठी भरती, घरच्यांनी सांगितलं आधी ते बघ. एकाला रांजणगावला दीड हजार जास्त मिळाले. एकाची आई आजारी पडली. म्हणजे एकाचंही कारण लाजिरवाणं नव्हतं. सगळी कारणं अशी की एचआरला सांगितली असती तर ती म्हणाली असती, ठीक आहे, ऑल द बेस्ट.

मग सांगितलं का नाही? रांजणगाववाल्याने जे सांगितलं ते जवळजवळ सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने सांगितलं. सर, हो म्हणून बसलो होतो, आता नाही कसं म्हणायचं, त्या मॅडम ओरडल्या तर, तुमच्याकडे कंप्लेंट केली तर, डॉक्युमेंट अडकवले तर. त्याला वाटत होतं फोन बंद ठेवला की विषय आपोआप संपतो. आणि पुढे तो म्हणाला, सर मागच्या वर्षी त्या दुसऱ्या कंपनीने आमचे इंटरव्ह्यू घेतले, पंधरा दिवसांत कळवतो म्हणाले, अजून कळवलं नाही, तेव्हा आम्हीही तुम्हाला विचारत होतो आणि तुम्ही म्हणायचात त्यांचा फोन लागत नाही.

हे खरं होतं. रिजेक्ट झालेल्या पोराला कुणीही कळवत नाही, ना छोटी कंपनी ना मोठी. पोरगा महिनाभर मेल उघडून बघत राहतो. उत्तर न देणं हेच ‘नाही’ असतं हे त्याला कंपन्यांनीच शिकवलं, आणि त्याची पाळी आली तेव्हा त्याने तेच केलं. म्हणून माझं असं स्पष्ट मत झालं की स्टँडर्ड खरंच घसरलंय, पण ते चप्पल-जीन्समध्ये शोधणं सोपं आहे म्हणून आपण तिथे शोधतो. घसरलंय ते शब्द पाळण्यात आणि पाळता येत नसेल तर तोंडावर सांगण्यात, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी घसरलंय.

काय केलं

कपड्यांसाठी आधी एक कपाट केलं. माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलं, त्यांनी चांगले धुतलेले-इस्त्री केलेले शर्ट, पँटा, बूट पाठवले. कल्पना चांगली वाटली पण चालली नाही. मापं जुळत नव्हती, आणि ज्याला खरी गरज होती तोच पोरगा दुसऱ्याचा शर्ट सगळ्यांसमोर घ्यायला तयार नव्हता, आणि मला त्यात त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. मग वर्कशॉपच्या एका इन्स्ट्रक्टरनी सुचवलं, सर यांच्याकडे कॉलेजचा युनिफॉर्म आहे ना, प्रत्येकाकडे आहे, फी घेतानाच दिलाय, आणि वर्कशॉपला बंद बूट कंपल्सरीच आहेत. इतकी साधी गोष्ट. कंपन्यांना मेल टाकून विचारलं, इंटरव्ह्यूला मुलं-मुली कॉलेजच्या युनिफॉर्मवर आली तर चालेल का, एकाही कंपनीने नाही म्हटलं नाही. ऊसतोड कामगाराचा पोरगा आणि ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याचा पोरगा एकाच शर्टात. ज्यांचे वर्कशॉपचे बूट फाटले होते त्यांना विद्यार्थी निधीतून, गाजावाजा न करता, दुकानात पाठवून आपल्या मापाचे घ्यायला लावले. कडं आणि धाग्यांबद्दल जबरदस्ती केली नाही, देवाचा धागा असतो, कारण सांगितलं आणि त्यांच्यावर सोडलं.

मॅनर्ससाठी मॉक इंटरव्ह्यू आधीही व्हायचे पण आम्हीच घ्यायचो आणि पोरं आम्हाला ओळखतात, त्यात काही राम नव्हता. आता बाहेरची माणसं बोलावतो, गावातले रिटायर्ड बँक मॅनेजर, साखर कारखान्यातले एक इंजिनिअर, पंचायत समितीतल्या एक मॅडम. पाठ केलेलं ‘मे आय कम इन सर, गुड मॉर्निंग सर, थँक्यू सर’ एका दमात म्हणून झालं की पोरांची गाडी तिथेच थांबायची, ते बंद केलं. मराठीत बोलायचं असेल तर तसं विचारायला शिकवलं, ‘सर, मी मराठीत सांगू का’, हे विचारणं हाच चांगला मॅनर आहे आणि शॉपफ्लोअरच्या कामाला बहुतेक पॅनेल हो म्हणतात. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, हातात दिला की आधी जॉ पुसायचे, बंद करून झिरो एरर बघायचा आणि मग जॉब मोजायचा, हे ज्याच्या हातात बसलंय तो बोलताना कमी घाबरतो हेही तिथेच दिसलं, म्हणून मॉकमध्ये टेबलवर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ठेवायला लागलो.

आणि एक नवीन तास, ‘नाही’ सांगायचा. खरंच फोन लावायचा, पलीकडे मी किंवा दुसरे सर एचआर बनून, थोडं चिडून बोलणार, आणि पोराने सांगायचं की मॅडम मी जॉइन होऊ शकत नाही, कारण हे, उशिरा कळवतोय त्याबद्दल सॉरी. पहिल्या दिवशी अर्ध्या पोरांनी दोन वाक्यांत फोन कट केला. एका मुलीला रडू आलं. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी जमायला लागतं. मला विचाराल तर प्लेसमेंटच्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये हा तास सगळ्यात कामाचा आहे, आणि तो फक्त नोकरीपुरता उपयोगी नाही.

कंपन्यांसाठीही एक पान केलं. पॅनेल किती वाजता बसणार ते आदल्या दिवशी कळवा, उशीर होणार असेल तर फोन करा, त्याप्रमाणे मुलांना बोलावू. दुपारी पाऊण तास मुलांनाही जेवणाची सुट्टी. शेवटच्या एसटीच्या मुलांचे इंटरव्ह्यू आधी. लग्नाचा प्रश्न नाही. निकाल दहा दिवसांत, आणि जे सिलेक्ट नाहीत त्यांची यादीही पाठवा, कारण नाही दिलं तरी चालेल पण यादी पाठवा. प्रिन्सिपॉल सरांना भीती होती की आधीच नाराज कंपनी आणि वर आपण अटी घालायच्या. एका कंपनीने खरंच लिहिलं की आम्ही कॉलेजच्या अटींवर येत नाही, आणि आली नाही. वाईट वाटलं. तरी मी ते पान मागे घेतलं नाही आणि सरांनीही शेवटी साथ दिली.

पुढचं वर्ष

चाकणची कंपनी 2025 ला परत आली. पॅनेलवर तेच प्रॉडक्शनचे साहेब होते. वेळेवर नाही आले, पण निघतानाच फोन करून उशीर सांगितला, त्यामुळे पोरांना अकराला बोलावलं. ड्रेसिंगचा कॉलम त्या वेळी शीटवर होता की नाही विचारलं नाही, पण तक्रार आली नाही. नापास मुलांची यादी दहा दिवसांत आली नाही, पंचवीस दिवसांनी आली, पण आली.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, डिप्लोमावाल्याला सहा महिने दरमहा 8 हजार, तेही घराजवळच्या ऑफिसात. चाकणला 13 हजारांतून राहणं-खाणं वजा केलं तर हातात जवळपास तेवढेच उरतात, त्यामुळे पास झाल्यावर काही जण तिकडे वळले आणि 2025 च्या बॅचमधल्याही काहींनी घरीच थांबायचं ठरवलं. फरक एवढा पडला की या वेळी बहुतेकांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि वेटिंगमधल्या दोघांना त्या जागा मिळाल्या. एकजण तरीही फोन बंद करून गायब झाला. त्याच्या घरी गेलो होतो, भेटला नाही.

ट्रेनिंगचा प्रश्न थोडा आपोआप सुटतोय. डिप्लोमाच्या नव्या अभ्यासक्रमाला, म्हणजे के-स्कीमला, 12 आठवड्यांची इंटर्नशिप आहे, एवढे दिवस मामाच्या गॅरेजमध्ये काढणं अवघड, आणि मी स्वतः कंपनीत फोन करून हजेरी विचारतो.

आत्ता अडलंय ते दुसरीकडेच. काही कंपन्या पहिला राउंड रेकॉर्डेड व्हिडिओवर घ्यायला लागल्यात, स्क्रीनवर प्रश्न येतो, मुलाने कॅमेऱ्याकडे बघून दीड मिनिटात उत्तर द्यायचं, पलीकडे माणूसच नाही. पोरं तो राउंड शेतातून देतात, पाठीमागे गोठा असतो, कुणी गाडीवर मागे बसून देतं, आणि नमस्कार कुणाला करायचा, थँक्यू कुणाला म्हणायचं हे आम्हालाही सांगता येत नाही. त्याला काही विचारायचं असेल तर विचारायचं कुणाला? सध्या एवढंच ठरवलंय की हा राउंड लँग्वेज लॅबमध्ये बसून, युनिफॉर्मवर, दार लावून द्यायचा, आणि ज्या कंपन्या असा राउंड घेतात त्यांच्याकडे एका माणसाचं नाव आणि नंबर मागायचा, जो मुलांच्या शंकांना उत्तर देईल. आत्तापर्यंत दोन कंपन्यांनी दिलाय. बाकीच्यांना दर आठवड्याला मेल टाकतोय.